उत्सर्जन-नियंत्रक उपकरणे काढून टाकल्यास मोटारीच्या इंजिनावर व हवेवर होणारे परिणाम

बीजसंज्ञा : उत्प्रेरक परिवर्तक, ईजीआर झडप, काजळी-गाळणी, प्राणवायू संवेदक, पीयूसी तपासणी

प्रस्तावना

मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात एक समज फार पूर्वीपासून रुजलेला आहे. सायलेन्सरच्या मार्गात बसवलेली प्रदूषण-नियंत्रक उपकरणे इंजिनाचा श्वास कोंडतात. ती काढून टाकली की गाडीचा पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज सुधारते आणि शिवाय पुढील खर्च वाचतो, असा हा समज होय. त्यापोटी उत्प्रेरक परिवर्तक कापून त्या जागी सरळ नळी जोडली जाते, ईजीआर झडपेच्या वाटेवर पत्र्याची चकती बसवून ती वाट कायमची बंद केली जाते, डिझेल मोटारीतील काजळी अडवणारी गाळणी आतून फोडून पोकळ केली जाते. बाहेरून पाहणाऱ्यास गाडीत काही उणे झाले आहे असे दिसतही नाही.

या समजाची वासलात ‘अज्ञान’ या एका शब्दाने लावणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. अनुभवी मिस्त्री जे सांगतो ते त्याने कोठे तरी पाहिलेले असते. वस्तुतः हा समज एका विशिष्ट काळातील इंजिनांविषयी बऱ्याच अंशी खरा होता. त्या काळी नियंत्रक उपकरण हे तयार इंजिनास बाहेरून जोडलेले असे. पुढे इंजिनाची रचनाच त्या उपकरणांना गृहीत धरून होऊ लागली. इंजिन बदलले, समज मात्र बदलला नाही. हा बदल ध्यानात घेतल्याखेरीज उपकरण काढण्याचे परिणाम नीट उलगडत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात आधी समजाचे मूळ पाहून मग एकेका उपकरणाकडे वळणे इष्ट ठरेल.

समजाचे मूळ

मोटारींच्या धुराचा प्रश्न प्रथम शास्त्रीय पातळीवर मांडला गेला तो अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. तेथील डोळे चुरचुरविणाऱ्या धुरक्याचा उलगडा मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी केला. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच दशकात फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांनी मोटारीसाठी उत्प्रेरक परिवर्तक तयार केला होता. परंतु त्या वेळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसताच उत्प्रेरक निकामी होई. साधन होते, पण त्यास सोसेल असे इंधन नव्हते.

१९७० मध्ये अमेरिकेत हवा शुद्धीकरणाचा कठोर कायदा झाला. मोटार कंपन्यांनी आरंभी जे उपाय योजले ते कामचलाऊ होते : संपीडन गुणोत्तर घटवणे, प्रज्वलनाची वेळ मागे सारणे, निष्कास नळीत पंपाने हवा सोडणे. या उपायांनी इंजिने खरोखर मंद झाली. कॅडिलॅकच्या ८.२ लिटर इंजिनाची शक्ती १९७० मध्ये ४०० अश्वशक्ती सांगितली जाई, ती १९७६ मध्ये १९० वर आली. यातील काही घट मोजण्याची पद्धत १९७२ मध्ये बदलल्यामुळे केवळ कागदावरची होती. परंतु उरलेली घट चालकाच्या पायाखाली जाणवणारी होती. हवेचा पंप काढून प्रज्वलनाची वेळ पुढे आणली की गाडीत जीव येतो, हा त्या पिढीतील मेकॅनिकांचा अनुभव खोटा नव्हता.

गंमत अशी की, ज्या परिवर्तकावर पुढे सर्वाधिक रोष ओढवला, त्यानेच ही कोंडी काही अंशी फोडली. १९७५ च्या गाड्यांत परिवर्तक सर्रास बसू लागले, तेव्हा वायू शुद्ध करण्याचे काम इंजिनाबाहेर गेले. प्रज्वलनाची वेळ पुन्हा योग्य जागी आणता आली आणि आदल्या वर्षीच्या तुलनेत अमेरिकी मोटारींचे सरासरी अ‍ॅव्हरेज सुधारले.

भारतात हा प्रवास वीस वर्षांनी घडला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि तेथील नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. मात्र गाड्यांना कार्बोरेटर तोच होता, आणि महानगरांबाहेर शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र मिळत नसे. मुंबईत नोंदलेली मोटार कोकणात वा देशावर गेली आणि वाटेत शिसेयुक्त पेट्रोल भरले गेले, की परिवर्तकाचे आयुष्य तेथेच खुंटे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तोवर ‘हे यंत्र आपल्याकडे टिकत नाही’ हे मत गॅरेजांत पक्के झाले होते.

परिवर्तक व इंजिन यांचा संबंध

आजच्या पेट्रोल मोटारीतील परिवर्तक म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चिनीमातीची वा धातूची वीट होय. तिच्या दर चौरस सेंटीमीटरमध्ये साधारणतः साठ सूक्ष्म नलिका असतात. नलिकांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरबरीत लेप व त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अत्यंत बारीक कण असतात. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांना प्राणवायू देणे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून प्राणवायू काढून घेणे, या परस्परविरुद्ध क्रिया तेथे एकाच वेळी चालतात.

त्या एकाच वेळी चालाव्यात यासाठी एक अट असते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखले गेले पाहिजे. हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे शाबूत राहतात. पेट्रोल जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन निसटतात. कार्बोरेटरला इतकी काटेकोर मोजणी शक्य नव्हती. म्हणून निष्कास नळीत प्राणवायू संवेदक बसवला गेला. व्होल्वो कंपनीने कॅलिफोर्नियासाठीच्या १९७७ च्या मोटारींत तो प्रथम आणला. मिश्रणात पेट्रोल अधिक असेल तर हा संवेदक सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो आणि हवा अधिक असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. नियंत्रक संगणक, म्हणजे ईसीयू, तो वाचून इंजेक्टरमधून सुटणारे पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करतो.

येथे इंजिनाच्या इतिहासातील खरा सांधा आहे. ज्या अचूक इंधन-मोजणीमुळे आजची मोटार थंडीत एका चावीत सुरू होते, घाटात धाप टाकत नाही आणि जुन्या गाडीपेक्षा अधिक अ‍ॅव्हरेज देते, ती मोजणी मोठ्या प्रमाणावर प्रचारात आली ती परिवर्तकाची अट पुरी करण्यासाठी. चालकास मिळालेली सोय ही प्रदूषण-नियंत्रणाची उपशाखा होय, हे सहसा सांगितले जात नाही.

परिवर्तक काढल्यावर काय घडते

शक्तीचा मुद्दा प्रथम. सुस्थितीतील आधुनिक परिवर्तकामुळे निष्कास वायूंना होणारा अडथळा अल्प असतो. इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांवर चालवले तर काढल्याचा थोडा लाभ मोजपट्टीवर दिसू शकेल. शहरातील वा महामार्गावरील नेहमीच्या चालनात तो चालकास जाणवणार नाही. परिवर्तक काढताच ‘गाडी मोकळी झाली’ असा अनुभव ज्यांना खरोखर येतो, त्यांचा परिवर्तक बहुधा आधीच चोंदलेला असतो. तेव्हा मिळालेली शक्ती नवी नव्हे. हरवलेली परत आलेली असते. (याच्या उलट बाजूने केला जाणारा, इंजिनास मागून थोडा दाब ‘लागतोच’ हा युक्तिवादही तितकाच ऐकीव आहे. इंजिनास दाब लागत नाही. निष्कास नळीतील वायूंच्या लहरींची वेळ जुळावी लागते.)

परिवर्तक चोंदतो कशामुळे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एखादा प्लग ठिणगी देईनासा झाला की न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन पेटते, आतील वीट वितळते व वाट बंद होते. पिस्टनच्या रिंगा किंवा झडपांचे सील झिजले की ऑइल जळते आणि ऑइलमधील फॉस्फरस उत्प्रेरकावर थर धरतो. म्हणजे रोग इंजिनात असतो. परिवर्तक त्याचा बळी ठरतो. तो कापून फेकल्याने बळी हटतो, रोग तसाच राहतो आणि पुढे रिंगांच्या वा झडपांच्या मोठ्या कामापर्यंत जातो.

दुसरा परिणाम संवेदकांशी निगडित आहे. आधुनिक मोटारीत परिवर्तकाच्या पुढे एक व मागे एक असे दोन संवेदक असतात. पुढच्या संवेदकाचे वाचन सतत वरखाली होत असते; परिवर्तक प्राणवायू साठवतो व सोडतो, त्यामुळे मागच्या संवेदकाचे वाचन जवळपास स्थिर राहते. परिवर्तक गेला की मागचा संवेदक पुढच्याची नक्कल करू लागतो. ईसीयूच्या हे लक्षात येते, पी०४२० हा दोषांक नोंदला जातो आणि डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. अनेक गाड्यांत मागच्या संवेदकाचे वाचन मिश्रणाच्या सूक्ष्म दुरुस्तीसाठीही वापरले जाते. तेथे अ‍ॅव्हरेज सुधारण्याऐवजी बिघडते. नळी जोडताना संवेदकाजवळच्या वेल्डिंगमध्ये फट राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संवेदकास मिश्रणात हवा जास्त वाटते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. ‘कॅट काढल्यापासून गाडी पेट्रोल पिते’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही फट असते.

दिव्याची तोडही गॅरेजांनी शोधली आहे. मागचा संवेदक पोकळ तुकड्यावर बसवून प्रवाहापासून दूर नेतात किंवा ईसीयूतील ती तपासणीच बंद करतात. काही जण दिवा लागलेलाच राहू देतात. कायम लागलेल्या दिव्याचा तोटा असा की, उद्या प्लग, कॉइल वा इंजेक्टर बिघडल्यास गाडी जी सूचना देईल ती कोणास कळणार नाही.

माणसांवरील परिणाम सर्वांत थेट आहे तो कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक आसक्तीने जोडला जातो. तळघरातील वाहनतळ, बंद शटरचे गॅरेज किंवा निष्कास नळीची गळती गाडीच्या बैठकीत शिरणे, या परिस्थितींत परिवर्तक नसलेली मोटार व असलेली मोटार यांतील अंतर जीविताचे असू शकते.

वायुवीजन झडप व कोळशाचा डबा

पिस्टनच्या कडेने थोडे वायू नेहमीच खाली ऑइलच्या टाकीत निसटतात. पूर्वी ते नळीवाटे थेट रस्त्यावर सोडले जात. १९६० च्या दशकारंभी कॅलिफोर्नियाच्या आग्रहाने ते पुन्हा इंजिनाच्या श्वासात परत नेणारी पीसीव्ही झडप सार्वत्रिक झाली. ही झडप काढून नळी उघडी टाकली वा बंद केली, तर आतील बाष्प व आम्ल ऑइलमध्ये मुरतात, गाळ साचतो आणि वाढलेल्या दाबाने ऑइल सीलमधून पाझरू लागते. केवळ हवेसाठी आलेल्या या झडपेने इंजिनांचे आयुष्यच वाढवले, ही बाब एकूण वादात पुरेशी बोलकी आहे.

पेट्रोल टाकीतील वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा हा असाच दुर्लक्षित घटक. तो काढल्यास इंजिनास सहसा इजा होत नाही. परंतु उभ्या गाडीतूनही पेट्रोल उडून जाते, आणि त्या वाफेत कर्करोगकारक बेंझिन असते. डब्याची निर्वात नळी उघडी राहिली तर आयडलिंग मात्र बिघडते.

ईजीआर : सर्वाधिक बंद केली जाणारी झडप

दहनकक्षातील तापमान फार वाढले की हवेतील नायट्रोजन व प्राणवायू एकमेकांशी संयोग पावतात. ही क्रिया तापमानाबरोबर अतिशय झपाट्याने वाढते. ईजीआर झडप निष्कास वायूंचा काही भाग पुन्हा आत सोडते. हे जळून गेलेले वायू पुन्हा जळत नाहीत, उष्णता शोषून घेतात आणि ज्वालेचे तापमान उतरवतात.

पेट्रोल इंजिनात याचा आणखी एक लाभ आहे. कमी भारावर थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो आणि हवा ओढून घेण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. परत आलेल्या वायूंमुळे थ्रॉटल अधिक उघडा ठेवता येतो व हा खर्च घटतो. म्हणजे पेट्रोल मोटारीतील ईजीआर बंद करणारा मनुष्य अ‍ॅव्हरेज वाढवण्याच्या हेतूने ते घटवत असतो. शिवाय ईसीयूने प्रज्वलनाची वेळ ईजीआर चालू आहे असे धरून पुढे आणलेली असते. वायू न आल्यास नॉकिंग सुरू होते. नॉकिंग ओळखणारा संवेदक असेल तर तो वेळ मागे सारून पिस्टन वाचवतो, पण शक्ती जाते.

डिझेलची स्थिती वेगळी आहे आणि तेथे मिस्त्रीची बाजू अधिक जड आहे, हे मान्य केले पाहिजे. डिझेलच्या निष्कास वायूंत काजळी असते. पीसीव्हीवाटे येणाऱ्या ऑइलच्या धुक्याशी ती मिसळून हवेच्या मार्गात डांबरासारखा थर धरते. झडप अडकते, गाडी गचके देते आणि साफसफाईचा खर्च वारंवार येतो. ईजीआर बंद केल्यावर हा त्रास थांबतो, पिकअप किंचित तीक्ष्ण वाटतो आणि धूर वाढत नाही; प्रसंगी तो कमीच होतो. वाढतात ती नायट्रोजनची ऑक्साइडे, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. मालक, मिस्त्री आणि धूर मोजणारे यंत्र या तिघांच्याही मते गाडी ‘सुधारलेली’ असते. दिसणारा धूर म्हणजेच प्रदूषण ही आपली सवयीची व्याख्या येथे पुरती फसते.

बीएस-६ डिझेल मोटारीत मात्र हा सरळ व्यवहार उरलेला नाही. आत येणाऱ्या हवेच्या मोजमापावरून ईसीयूला ईजीआर वाहते की नाही ते कळते. दोष नोंदला गेल्यावर अनेक प्रणालींत काजळी-गाळणीची स्वयंसफाईही थांबवली जाते. ईजीआर बंद केल्यावर काही महिन्यांनी गाळणी चोंदते, आणि मग दोष गाळणीस दिला जातो.

काजळी-गाळणी

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी डिझेल मोटारीस कणांच्या वजनाबरोबर कणांच्या संख्येचीही मर्यादा घातली. तिच्या पूर्तीसाठी डीपीएफ ही गाळणी आली. तिच्या नलिका एका आड एक टोकाशी बंद असतात, त्यामुळे वायूंना सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते; काजळी मागे राहते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानास जाळून टाकली जाते. त्यासाठी ईसीयू थोडे डिझेल उशिराने फवारते.

अडचण येते ती वापराच्या रीतीत. रोज चार-पाच किलोमीटर, तेही गर्दीत, एवढेच धावणाऱ्या गाडीस हे तापमान गाठता येत नाही. सफाई अर्धवट राहते आणि फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. अशा ग्राहकास डिझेल गाडी विकताना याची स्पष्ट कल्पना दिली गेली असती, तर बऱ्याच गाळण्या शाबूत राहिल्या असत्या.

गाळणी पोकळ करून ईसीयूतील आज्ञावली न बदलल्यास ती नसलेल्या गाळणीची सफाई करण्यासाठी डिझेल फवारत राहू शकते. आज्ञावली बदलल्यास ती बदलणाऱ्याने त्याबरोबर आणखी काय बदलले, हे मालकास कळण्याचा मार्ग नसतो. हवेच्या बाजूने पाहता, गाळणी कणांच्या संख्येपैकी ९९ टक्क्यांहून अधिक कण अडवते. ती काढणे म्हणजे कणसंख्या शंभरपट वा त्याहून जास्त करणे होय. हे कण इतके सूक्ष्म असतात की संथ चालणाऱ्या गाडीमागे धूर दिसेलच असे नाही. डिझेलचा धूर मनुष्यात कर्करोग घडवतो, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये केले आहे.

एका गाडीचे वजन

‘माझ्या एका गाडीने काय होणार’ या प्रश्नास साध्या अंकगणिताने उत्तर देता येते. परिवर्तक १०० पैकी ९५ भाग प्रदूषके नष्ट करत असेल तर नळीतून ५ भाग बाहेर पडतात. तो काढल्यास १०० भाग पडतात, म्हणजे वीस सुस्थितीतील गाड्यांइतके. कार्यक्षमता ९८ टक्के असेल तर तीच गाडी पन्नास गाड्यांइतकी ठरते. उपकरण जितके उत्तम, तितके ते काढण्याचे नुकसान मोठे.

भारतातील मानकांचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९९१ च्या पहिल्या मानकांत पेट्रोल मोटारीस दर किलोमीटरला १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती १ ग्रॅमवर आली. १९९१ च्या गाडीतून काढण्याजोगे काही नव्हतेच. आजच्या गाडीतून तीस वर्षांची प्रगती एका दुपारी कापून काढता येते.

हे गणित केवळ कागदी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आदल्या सुमारे दहा वर्षांत तेथे साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप वाहनांची नियंत्रक उपकरणे निकामी करण्यात आली होती. त्यांचे वाढीव प्रदूषण ९० लाखांहून अधिक सुस्थितीतील वाहने रस्त्यावर नव्याने आणण्याइतके होते. पाना न लावताही हेच साधता येते, हे त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन प्रकरणात उघड झाले होते. तेथे तपासणीच्या वेळीच नियंत्रण पूर्ण चालवणारी आज्ञावली कंपनीनेच गाड्यांत घातली होती. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. भारतातील गाड्यांची तपासणी पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

कायदा व तपासणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ अन्वये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, आणि कलम १९० (२) अन्वये प्रदूषणाच्या मानकांचा भंग करून वाहन चालवणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

कायदा पुरेसा कठोर आहे. उणीव आहे ती मोजणीत. पीयूसी केंद्रावर पेट्रोल मोटारीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजला जातो. बीएस-४ व पुढील मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. चाचणी प्रामाणिकपणे झाली तर परिवर्तक नसलेली पेट्रोल मोटार येथे बहुधा पकडली जाते. डिझेलची मात्र केवळ धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे दोन्ही प्रकारांत मोजलीच जात नाहीत, त्यामुळे ईजीआर बंद केलेली गाडी निर्धोकपणे उत्तीर्ण होते. ब्रिटनने फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत काजळी-गाळणी जागेवर आहे की नाही हे पाहण्यास सुरुवात केली. पण पोकळ केलेली गाळणीही जागेवरच असते. नेदरलँड्स व जर्मनी यांनी २०२३ पासून नळीतील कणांची संख्या मोजणारी उपकरणे तपासणीत आणली आहेत. ही चाचणी डोळ्यांवर विसंबत नाही.

खर्चाचा प्रश्न

उपकरणे काढण्याचे खरे कारण बहुतेक वेळा वेगाची हौस नसते. ते बिल असते. तिसऱ्या मालकाकडे आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मोटारीस नवा परिवर्तक घेणे हे गाडीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने जड जाते. टॅक्सीचालकास गाडी दोन दिवस उभी ठेवणेही परवडत नाही. अशा वेळी ‘कापून सरळ नळी टाकू, मजुरी नको’ हा प्रस्ताव उपकारासारखा वाटतो. वास्तविक काढलेल्या परिवर्तकातील धातूंना भंगार बाजारात चांगला भाव असतो. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियम एका औंसास २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. त्याच सुमारास पुणे व अहमदाबाद परिसरात इको व्हॅनचे सायलेन्सर चोरण्याचे प्रकार वाढले. चोरांना हवी होती ती आतील ‘माती’. मजुरी माफ करणाऱ्याने ती माती स्वतःकडे ठेवलेली असते, हे मालकाच्या गावीही नसते.

परिवर्तक खरोखर चोंदला आहे काय, हे कापण्यापूर्वी पाहता येते. पुढचा प्राणवायू संवेदक काढून त्या भोकात दाबमापक बसवावा आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर चालवावे. दाब ०.२ बारपेक्षा बराच अधिक भरला तर वाट कोंडलेली आहे. कमी भरला तर पिकअप गेल्याचे कारण अन्यत्र, म्हणजे एअर फिल्टर, पेट्रोल पंप, इंजेक्टर किंवा क्लचमध्ये शोधावे लागते. वाट कोंडलेली निघाल्यास नवा परिवर्तक बसवण्याआधी प्लग, कॉइल आणि ऑइलचा खप तपासून घ्यावा. नाहीतर नवाही त्याच रोगाने जातो. बदलताना जुना परिवर्तक मालकाने मागून घ्यावा, अथवा त्याची किंमत बिलातून वजा करून तशी पावतीवर नोंद घ्यावी. नव्या भागाच्या खर्चाचा काही वाटा त्यातून निघतो.